पिकअपच्या काळ्या प्लॅस्टिकवर चरे पडू नयेत म्हणून काय करायचं

माझ्या पिकअपच्या फाळक्याच्या वरच्या कडेला जी काळी पट्टी असते ना, ती गाडी घेतल्यावर तिसऱ्याच आठवड्यात पांढरी पडली. कारण एक ॲल्युमिनियमची शिडी. हौद्यात मावत नव्हती म्हणून फाळक्यावर टेकवली, दोरीने घट्ट आवळली, दोनदा हलवून बघितली. आणि ती सुटली वगैरे काही नाही, फक्त रस्ताभर जागच्या जागी थरथरत राहिली. उतरवली तेव्हा तिच्या पायांखाली दोन लांब करडे पट्टे, हात फिरवला तर खरखरीत.

मग मी सगळे करतात तेच केलं, ट्रिम (म्हणजे हेच बाहेरचं काळं प्लॅस्टिक) काळी करायची बाटली आणली आणि फासली. आठवडाभर गाडी नवीकोरी, मग पाऊस आला आणि तपकिरी पाण्याचे ओघळ पेंटवरून खाली. परत फासली. असं वर्षभर चाललं, आणि वर्षाने जेव्हा शहाणपण येऊन चरे स्वतःवर घेणारी पारदर्शक चिकट फिल्म नीट लावायला घेतली तेव्हा ती चिकटेचना, कारण बाटलीतलं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या दाण्यादाण्यात जाऊन बसलेलं. दोन आठवड्यांत कडा सुटल्या, त्यात माती भरली, शेवटी ओढून फेकून दिली.

म्हणून हे लिहितोय. फासायच्या कुठल्याही द्रवाने चरे थांबत नाहीत, ते काम जाड थराचं आहे, आणि तो थर टिकणार की नाही हे तुम्ही आधी किती नीट धुतलंय यावर ठरतं. खाली जे आहे ते याच क्रमाने करा, पायऱ्या वर-खाली केल्या की माझ्यासारखं डबल काम होतं.

१. आधी बघा प्लॅस्टिक कुठलं आहे आणि चरा कसला आहे

पिकअपला पेंट न केलेलं काळं प्लॅस्टिक बऱ्याच जागी असतं: हौद्याच्या दोन्ही बाजूंच्या कडांवरच्या पट्ट्या, फाळक्याची वरची कड, मागच्या बंपरवर पाय ठेवायची जागा, चाकांवरच्या कमानी, दरवाजांखालचं क्लॅडिंग (प्लॅस्टिकचं आवरण), आरशांची कव्हरं, वायपरखालची जाळी. यातलं बहुतेक पॉलिप्रोपिलीन असतं, त्यात मार बसला तर तडकू नये म्हणून रबर आणि कडकपणासाठी टाल्कची पूड मिसळलेली असते. एखादा भाग काढलात तर मागे इंग्रजी अक्षरांत ठसा दिसेल, पीपी अधिक ईपीडीएम (पॉलिप्रोपिलीन आणि रबर), पुढे टीडी २० असं काहीतरी, म्हणजे टाल्क २० टक्के. आरशाचं कव्हर किंवा ग्रिल मात्र एबीएस किंवा एएसए या वेगळ्या जातीच्या प्लॅस्टिकचं असू शकतं. हा ठसा बघायचा कंटाळा करू नका, कारण एबीएसवर ॲसिटोन (नेलपॉलिश काढायचं तेच) लावलं तर पृष्ठभाग विरघळून चिकट होतो आणि परत पहिल्यासारखा होत नाही.

अजून एक. हे प्लॅस्टिक आतपर्यंत काळं असतं, काजळी मिसळूनच ओतलेलं. म्हणजे चरा पांढरा दिसतो तो रंग उडाला म्हणून दिसत नाही. तिथला पृष्ठभाग फाटलेला असतो, त्यावर उजेड विखुरतो आणि आतला टाल्क उघडा पडतो. त्यामुळे वरून काळं फासलं की तेवढ्यापुरतं झाकलं जातं, फाटलेलं फाटलेलंच राहतं.

चरा ओळखायची माझी पद्धत: बोट ओलं करून चऱ्यावर फिरवा. ओला झाल्यावर चरा गायब होत असेल तर तो वरवरचा आहे. तसाच दिसत राहिला तर नख फिरवा. नखाला उंचवटा लागला तर समोरच्या वस्तूचा रंग तुमच्या प्लॅस्टिकवर बसलाय, म्हणजे गेट, भिंत, दुसरी गाडी जे काही असेल ते, आणि तो निघतो. नख आत अडकलं तर तिथलं प्लॅस्टिकच गेलंय, ते भरून येत नाही.

२. सामान गोळा करा

– गाडीचा साधा शॅम्पू आणि ऑल पर्पज क्लीनर
– मऊ ब्रश दोन, एक मोठा, एक टूथब्रशएवढा
– आयसोप्रोपिल अल्कोहोल, पाण्यात निम्मं-निम्मं करून स्प्रे बाटलीत
– मायक्रोफायबर फडकी, त्यात एक तरी पांढरं
– मास्किंग टेप
– फिल्म किंवा गार्ड (वरून बसणारी कडक पट्टी किंवा रबरी पॅड), जे ठरवाल ते
– प्रायमर, म्हणजे टेपची पकड वाढवणारा ॲडहेजन प्रमोटर (पॉलिप्रोपिलीनला चालतो असं लिहिलेलाच)
– स्क्वीजी (फिल्मखालचं पाणी दाबून काढायची पट्टी), नवं ब्लेड घातलेला कटर, जुना कागद किंवा वर्तमानपत्र
– हेअर ड्रायर
– हातमोजे

हीट गन यादीत नाही, मुद्दाम. का ते पुढे येतंच.

३. धुणं, आणि यातच निम्मा दिवस जातो

शॅम्पूने धुऊन घ्या, मग क्लीनर एकास दहा पाणी असा पातळ करून ब्रशने घासा. दाणेदार टेक्श्चर असेल तर एका दिशेने घासून भागत नाही, उभं, आडवं, तिरकं, तिन्हीकडून घासा. भरपूर पाण्याने धुवा. पूर्वी कधी काळं पॉलिश फासलं असेल तर हे सगळं दोन-तीन वेळा. उन्हात तापलेल्या प्लॅस्टिकवर क्लीनर वाळू देऊ नका, पांढरे डाग राहतात.

आता खरी मेख. पेंटवर काम करताना आपण बघतो की पाणी सपाट पसरलं म्हणजे पृष्ठभाग स्वच्छ, थेंब झाले म्हणजे मेण शिल्लक आहे. ही परीक्षा इथे लागू नाही, कारण पॉलिप्रोपिलीन स्वच्छ असलं तरी त्यावर पाणी थेंब-थेंबच राहतं, त्याचा स्वभावच चिकटू न देण्याचा आहे. टेप, गोंद, रंग, सगळ्यांना ते असंच झिडकारतं. मला हे माहीत नव्हतं आणि मी नुसते थेंब बघून चार वेळा धूत बसलो होतो.

त्याऐवजी असं करा. कोरडं झाल्यावर अल्कोहोल मारून पांढऱ्या फडक्याने पुसा. फडक्याला थोडं काळं-करडं लागेल, जुन्या प्लॅस्टिकचं ते लागतंच, चालतं. पण बोटांना तेलकट, निसरडं लागत असेल तर सिलिकॉन अजून आहे. मग मास्किंग टेपचा तुकडा अंगठ्याने दाबून लावा आणि ओढा. ओढताना जोर लागला पाहिजे. नुसता हात लावला आणि टेप सुटून आली तर परत ब्रश हातात घ्या, सुटका नाही.

४. जुने चरे जमतील तेवढे सावरा

बसलेला परका रंग: आधी अल्कोहोल आणि अंगठा. नाही निघाला तर मेलामाइनचा पांढरा जादूचा स्पंज ओला करून हलक्या हाताने. हा स्पंज दिसायला मऊ आहे पण काम अगदी बारीक पॉलिश पेपरचं करतो, त्यामुळे फक्त डागावर, चार-पाच फेऱ्या मारायच्या आणि थांबून बघायचं. गुळगुळीत चकचकीत प्लॅस्टिकवर तो अजिबात नको, तिथे पांढुरकं धुकं येतं.

वरवरचा पांढरा चरा: पुढे फिल्म किंवा गार्ड येणार असेल तर सोडून द्या, खाली झाकला जातो. येणार नसेल तर सगळ्यात शेवटी ट्रिम कोटिंग.

खोल चरा: कडेला प्लॅस्टिकचे बारीक केस उभे राहिले असतील तर नव्या ब्लेडने पृष्ठभागाला जवळजवळ आडवं धरून छाटा. पॉलिश पेपर मारू नका. दाणेदार टेक्श्चर एकदा घासलं की तिथे गुळगुळीत टक्कल पडतं आणि ते चऱ्यापेक्षा जास्त लांबून दिसतं.

आता हीट गन. व्हिडिओत बघाल की हीट गन फिरवली आणि पांढरं प्लॅस्टिक जादूसारखं काळं झालं. होतं तसं, कारण वरचा थर किंचित वितळून परत सपाट होतो. पण पॉलिप्रोपिलीन साधारण १६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि हीट गनची हवा ५०० च्या वरही जाते, म्हणजे तुमच्या हातात फक्त दोन-तीन सेकंदांचा खेळ असतो. मी मागच्या कमानीवर फिरवत होतो, फोन वाजला, मान वळवली. तेवढ्यात तळहाताएवढा भाग दाणे वितळून काचेसारखा चमकायला लागला, आणि तो आजही उन्हात सगळ्यात आधी दिसतो. करायचंच असेल तर आधी आतल्या न दिसणाऱ्या भागावर हात बसवा, गन एका जागी थांबवू नका, पेंट आणि सेन्सरजवळ नेऊ नका, आणि फोन घरात ठेवा.

हे सगळं करण्याआधी एवढं मात्र बघा की तो भाग वेगळा मिळतो का. कडेच्या पट्ट्या बऱ्याच पिकअपमध्ये क्लिपांवर बसवलेल्या असतात, फार खराब झाली तर नवी बसवून तिच्यावर पहिल्या दिवसापासून गार्ड लावणं सोपं पडतं. क्लिपा थंडीत कडक होऊन तुटतात, ऊब असताना काढा.

५. कुठल्या जागी काय लावायचं

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण दुकानात सगळ्याच डब्यांवर प्रोटेक्शन लिहिलेलं असतं.

गुळगुळीत भागाला पारदर्शक फिल्म, पीपीएफ म्हणतात ती. ही पॉलियुरेथेनची असते, साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड, चरे स्वतःवर घेते. प्लॅस्टिक मॅट असेल तर फिल्मही मॅट घ्या, नाहीतर नुसती चकचकीत पट्टी चिकटवल्यासारखी दिसते. रंगीत व्हिनाइल रॅप म्हणजे पीपीएफ नव्हे बरं का, तो बराच पातळ असतो, दिसायला छान पण शिडीसमोर टिकत नाही.

दाणेदार भागाला फिल्म लावताना विचार करा. फिल्म फक्त दाण्यांच्या टोकांना टेकते, मधल्या खोलगट जागेत गोंद पोचतच नाही, म्हणजे पकड निम्मीसुद्धा राहत नाही. टेक्श्चरसाठी जाड गोंदाची वेगळी फिल्म मिळते ती घ्या आणि तरीही आधी एक छोटा तुकडा लावून आठवडाभर थांबा. टिकला तर पुढे जा.

हौद्याच्या कडा, फाळका आणि बंपरवरची पायरी इथे मी फिल्मच्या नादी लागत नाही. तिथे सामान आपटतं, नुसतं घासत नाही. तिथे वरून बसणाऱ्या कडक पट्ट्या किंवा जाड रबरी पॅड. त्या पट्ट्याही प्लॅस्टिकच्याच असतात आणि त्यांच्यावरही चरे पडतात, पण त्या बदलता येतात, मुद्दा तोच आहे.

दरवाजांखालचं क्लॅडिंग आणि कमानींचा मागचा भाग चाकाने उडवलेल्या खडीने खराब होतो. तिथे आधी मडफ्लॅप. चिकटवायचं-बिकटवायचं नंतर.

हौद्यात मारतात तो लायनरचा स्प्रे ट्रिमवर मारलेला मी बघितलाय, मजबूत होतो, पण त्याला आधी प्लॅस्टिक घासून प्रायमर द्यावा लागतो, आणि एकदा मारला की परतीचा रस्ता नाही. गाडी निव्वळ कामाची असेल, विकायची नसेल, तर विचार करा.

सिरॅमिक ट्रिम कोटिंग ऊन, पाणी, धूळ यासाठी चांगलं आहे. चऱ्यांसाठी नाही. आणि ते फिल्म लावून झाल्यावर, उरलेल्या उघड्या भागावर, कारण त्यावर फिल्म चिकटत नाही.

मॅग्नेटवाले गार्ड प्लॅस्टिकला चिकटत नाहीत. हसू नका, मी घेऊन आलो होतो.

६. लावायची पद्धत

सगळ्यात आधी, टेपचा कागद न काढता, गार्ड नुसता ठेवून फाळका उघडून-लावून बघा. दोन-तीन मिलिमीटरची जाडी सुद्धा फाळका नीट बसू देत नाही किंवा बाजूच्या पेंटला घासते. हौद्यावर झाकण असेल तर ते पण लावून बघा. बंपरमधले गोल पार्किंग सेन्सर, कॅमेरा, आणि रडार जिथे बसवलाय ती जागा झाकायची नाही. क्लॅडिंगच्या खाली पाणी निघायची भोकं असतात, ती बुजवलीत तर आत ओल आणि माती साचून राहते आणि पत्रा आतून गंजतो.

डबल टेपवर बसणारा गार्ड:
जागा अल्कोहोलने पुसा, वाळू द्या. प्रायमरचा पातळ हात फिरवा, फक्त टेप येणार तेवढ्याच जागी, बाहेर गेला तर डाग राहतो, म्हणून कडेने मास्किंग टेप लावून घ्या. मग गार्ड बसवून सगळ्या लांबीवर अंगठ्याने जोरात दाबा, नुसतं थोपटू नका. थ्री एमच्या व्हीएचबीसारख्या टेपची पकड खोलीच्या तापमानाला २० मिनिटांत साधारण निम्मी होते, २४ तासांत ९० टक्के आणि पूर्ण व्हायला ७२ तास लागतात. म्हणजे तीन दिवस त्यावर काही टेकवू नका, पाण्याचा प्रेशर तर नाहीच. आणि गारठ्यात हे काम काढू नका, १० अंशांच्या खाली टेपचा गोंद कडक होतो आणि पकडच घेत नाही. २० च्या पुढे मस्त.

फिल्म:
आधी कागद ठेवून माप काढा, कड २-३ मिलिमीटर आत ठेवा आणि कोपरे गोल कापा. टोकदार कोपरा पहिला सुटतो, आणि तिथून सगळं सुटत जातं. गाडीवर ठेवून ब्लेडने कापायचा मोह होतो, तसं केलंत तर फिल्मबरोबर प्लॅस्टिकवरही रेघ उमटते. गुळगुळीत जागी पाण्यात दोन-चार थेंब बेबी शॅम्पू घालून ते मारा, फिल्म सरकवून जागेवर आणा, मग मधून कडेकडे स्क्वीजीने पाणी काढा. दाणेदार जागी पाणी नको, ते खोलगट भागात अडकून राहतं, तिथे कोरडीच लावा. ताणू नका, ताणलेली फिल्म आज छान बसते आणि पहिल्या कडक उन्हात मागे ओढली जाते. शेवटी कडांवर ड्रायर फिरवून कोमट करा आणि बोटाने दाबत जा. आठवडाभर धुऊ नका. पाण्याचे बारीक फुगे राहिले असतील तर घाबरू नका, बरेचसे त्या आठवड्यात वाळतात.

७. सामान भरताना

खरं सांगायचं तर निम्मे चरे इथे वाचतात आणि याला जवळपास काही लागत नाही.

दोरी आणि रॅचेटचे पट्टे हौद्याच्या कडेवरून बाहेर घेऊ नका, आतल्या हुकांना बांधा. कडेवरून घेतलेला पट्टा दिसायला घट्ट असतो पण प्रत्येक खड्ड्याला एखादा मिलिमीटर सरकतो, त्यात धूळ बसली की तो पट्टा राहत नाही, कानस होतो. बाहेरून घेणं भागच असेल तर खाली कॉर्नर गार्ड, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, चार घड्या केलेली ताडपत्री, काहीही ठेवा, आणि पोचल्यावर काढा. गालिच्याचा तुकडा ठेवून तसाच महिनाभर सोडणारे लोक आहेत, तो भिजतो, वाळू धरतो आणि मग खालून तोच घासत बसतो. काळं रबरही फिल्मवर कायम ठेवलं तर डाग उठतो.

लांब वस्तू फाळक्याच्या कडेवर टेकवायची असेल तर तिचे पाय गुंडाळा, कड नव्हे. कडेवर टाकलेलं फडकं सरकून पडतं, शिडीच्या पायाला टेपने बांधलेलं फडकं शिडीबरोबरच राहतं. हे मला चौथ्या फेरीला सुचलं.

जड खोकं बाजूच्या कडेवरून ओढत आत घेऊ नका, फाळका पाडून मागून घ्या.

आणि हे कोणी सांगत नाही: कमरेचा पट्टा. हौद्याच्या बाजूने वाकून आतलं काही उचलताना बक्कल थेट कडेच्या पट्टीवर आणि पेंटवर घासतं. माझ्या गाडीला ड्रायव्हरच्या बाजूला, बरोबर कमरेच्या उंचीवर, बारीक आडव्या रेघांचं जाळं होतं, मी कित्येक दिवस झाडाच्या फांद्यांना दोष देत होतो. शेवटी एकदा वाकलेला असतानाच खर्रकन आवाज ऐकला तेव्हा कळलं. आता बक्कल बाजूला सरकवून वाकतो.

बंपरवर चढताना बुटाखालची खडी आधी आपटून पाडा.

८. नंतरची देखभाल

फिरत्या ब्रशांच्या मशीनमध्ये गाडी घालू नका, आधीच्या गाडीची माती त्या ब्रशात असते. प्रेशर गन मारताना फिल्मच्या आणि गार्डच्या कडेपासून हातभर लांब, आणि कडेखाली पाणी घुसेल अशा कोनात धरू नका. चिखलातून आलात तर कमानीच्या गार्डच्या मागे हात घालून बघा, तिथे अडकलेली माती आतल्या आत पेंट खाते.

काळी चमक हवीच असेल तर आता लावा, पाण्याचा बेस असलेली, थोडीशी, फडक्यावर घेऊन. बंपरच्या पायरीवर आणि जिथे पाय पडतो तिथे चुकूनही नाही, ओल्या बुटाने पाय सटकला तर ट्रिमचं काय घेऊन बसलात.

महिन्यातून एकदा कडा बघा. एखादा कोपरा सुटलेला दिसला तर इन्स्टंट ग्लू लावू नका, त्याची पांढरी वाफ आजूबाजूच्या काळ्या प्लॅस्टिकवर बसते आणि पुसून जात नाही. सुटलेला तेवढा तुकडा कात्रीने गोल कापून टाका. पूर्ण फिल्म बदलायची वेळ आली, म्हणजे ती पिवळट, तडकलेली दिसायला लागली, की ड्रायरने चांगली कोमट करा आणि जवळजवळ मागे दुमडून सावकाश ओढा, सरळ वर उपसू नका, नाहीतर गोंद सगळा खाली राहतो. थोडा राहतोच, तो अंगठ्याने चोळून गोळ्या करत काढायचा, आणि दाणेदार भाग असेल तर मास्किंग टेपचा तुकडा त्यावर दाबून परत परत उचलायचा, अल्कोहोलपेक्षा ते लवकर होतं.